चियांग माईला बिऱ्हाड हलवण्याआधी शहर कसं पारखून यावं?

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून दोघं आणि सात वर्षांची मुलगी, एकाची नोकरी भारतीय कंपनीत पण घरून, जेवण शाकाहारी, मनात उत्तर थायलंडमधलं चियांग माई, आणि पाहणीसाठी तीन आठवडे. कधी जावं, काय बघावं?

सरळ सांगतो, मार्चमध्ये जा. साधारण १५ मार्चला पोचा आणि १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानआधी, म्हणजे थाई नववर्षाच्या सणाआधी निघा, कारण त्या दिवसांत कचेऱ्या बंद असतात आणि रस्त्यावर फक्त पाणी उडत असतं. बहुतेक लोक डिसेंबर-जानेवारीत जातात. गुलाबी थंडी, निळं आकाश, समोर स्वच्छ दिसणारा दोई सुथेपचा डोंगर. भुरळ पडतेच, पण ते शहर वर्षातले जेमतेम तीन महिने असतं. ज्या महिन्यात तिथले लोकसुद्धा जमलं तर बाहेरगावी जातात, त्या महिन्यात तुम्हाला निभेल का, हे बघायचं आहे.

चियांग माई पिंग नदीच्या खोऱ्यात वसलंय, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, आजूबाजूला डोंगर. फेब्रुवारी ते एप्रिल भाताचा पेंढा आणि मक्याची ताटं जाळली जातात, जंगलात वणवे लागतात, त्यात म्यानमार आणि लाओसकडचा धूर येतो. वर उबदार हवेचा थर बसला की हे सगळं खोऱ्यातच कोंडून राहतं. पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसात खोल जाणारे हवेतले बारीक कण, सलग कित्येक दिवस घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर असतात, वाईट दिवशी २०० ओलांडतात. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे, थायलंडची ३७.५, आपली ६०. मोठी माणसं मास्क लावून दिवस ढकलतात. लहान मुलाला घेऊन जाणाऱ्याने हा आकडा भाड्याच्या आधी बघावा.

त्यासाठी लेझर सेन्सरचा हातात मावणारा पीएम मीटर भारतातूनच घेऊन जा. शहरभरचे आकडे चियांग माई विद्यापीठाच्या 'डस्टबॉय' यंत्रांच्या जाळ्यावर दिसतात, पण तुम्हाला आकडा हवा आहे खोलीच्या आतला. जी जागा बघाल तिथे दारं-खिडक्या लावून मीटर अर्धा तास ठेवा. बाहेर १२० आणि आतही ११० म्हणजे खिडक्या गळक्या. तिथल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कडेची ब्रशपट्टी झिजलेली असते, हे नेहमीचं दुखणं. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, धूर काही गाळत नाही, त्यामुळे 'एसी आहे ना' या घरमालकाच्या उत्तराला अर्थ नाही. एअर प्युरिफायरचा हिशेब असा: ३० चौरस मीटर खोली, उंची अडीच मीटर, म्हणजे ७५ घनमीटर. हवा तासात चार-पाच वेळा गाळून निघायला हवी, म्हणून यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, ३०० ते ३७५ घनमीटर प्रतितास पाहिजे. खोक्यावर 'इतक्या चौरस मीटरसाठी' असं लिहिलेलं असतं, ते बहुधा फारच आशावादी असतं. बरी बंद होणारी खोली आणि पुरेसं यंत्र असेल तर तासाभरात आकडा २०च्या खाली यायला हवा. नाही आला तर ती जागा सोडा.

हाच मीटर शाळेत घेऊन जा. आंतरराष्ट्रीय शाळांचं वर्ष साधारण ऑगस्ट ते जून असतं, त्यामुळे मार्चमध्ये त्या चालू असतात. सरकारी शाळांना मात्र मार्चच्या मध्यापासून सुट्टी लागते. शाळेला दोन प्रश्न विचारा: पीएम २.५ कितीवर गेलं की मैदान बंद करता, आणि वर्गात हवा गाळायची सोय काय? पहिल्याला ठोस आकडा मिळाला नाही तर धोरण कागदावरच आहे असं समजा. मग चालू वर्गात मीटर लावून पाहू द्या म्हणा. चांगल्या शाळा दाखवतात. अंतरही बघा. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाची प्रेम तिन्सुलानोंद शाळा उत्तरेला मे रिममध्ये आहे, पन्यादेन दक्षिणेला हांग दोंगकडे. घर एका टोकाला आणि शाळा दुसऱ्या टोकाला असेल तर मुलीचे रोज दीड-दोन तास गाडीत जातील. म्हणून आधी शाळा, मग वस्ती.

आता वस्त्या. तीन आठवडे एकाच ठिकाणी राहू नका, दर आठवड्याला मुक्काम बदला. निम्मानहेमिन, ज्याला सगळे निम्मान म्हणतात, तिथे कॅफे, मॉल, कामाच्या जागा सगळं पायी अंतरावर आहे. पण भाडं चढं, आणि विमानतळ शहराला इतका खेटून आहे की विमानं डोक्यावरून जातात. तिथली खोली संध्याकाळी मीटिंगच्या वेळेला बघा. संतिथाम त्याच्याच ईशान्येला, जुनं, स्वस्त, थाई कुटुंबांचं. कुटुंबाला परवडेल असं राहायचं तर मला हेच आधी बघण्यासारखं वाटतं. हांग दोंगला अंगणाची घरं मिळतात, पण चारचाकीशिवाय पान हलत नाही. खंदकाने वेढलेलं जुनं शहर, साधारण दीड-दीड किलोमीटरचा चौकोन, फिरायला सुंदर. मुलं घेऊन राहायला मी सुचवणार नाही, कारण पर्यटकांची वर्दळ आणि रात्रीचे बार.

मुक्काम शोधताना एक गोष्ट सांभाळा. ३० दिवसांपेक्षा कमी काळासाठी कॉन्डो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, भाड्याने देणं तिथे हॉटेल परवान्याशिवाय बेकायदा आहे. ऑनलाइन घेतलेल्या अशा खोलीत इमारतीचा रखवालदार अडवू शकतो. आठवड्याच्या मुक्कामाला सर्व्हिस्ड अपार्टमेंट किंवा हॉटेलच घ्या.

खोली बघताना लोक भाड्यावर अडतात आणि वीज विसरतात. सरकारी दर युनिटला चार बाथच्या (बाथ हे थाई चलन) आसपास असतो. अपार्टमेंटचे मालक सात-आठ बाथ लावतात. एप्रिलमध्ये पारा ३८-४० वर जातो, एसी आणि प्युरिफायर चोवीस तास चालतात, तेव्हा हाच फरक महिन्याला काही हजारांत जातो. 'बिल थेट वीज कंपनीचं येतं का?' हे विचारा आणि मागचं बिल बघायला मागा. भाड्याचा अंदाज: संतिथामला साधी एक खोली ६ ते १० हजार बाथ, निम्मानला १२ ते २० हजार, हांग दोंगला दोन-तीन बेडरूमचं घर १५ ते ३० हजार. एक बाथ पावणेतीन ते तीन रुपये धरा. अनामत सहसा दोन महिन्यांची, शिवाय एक महिना आगाऊ.

स्वयंपाकघर हा आपल्या लोकांचा खरा अडसर. तिथल्या कॉन्डोत 'किचन' म्हणजे बऱ्याचदा एक सिंक आणि छोटा फ्रिज. गॅस नाही, इंडक्शन असेल तर असेल, वर चिमणी नाही. फोडणीचा वास कॉरिडॉरभर जातो आणि शेजारी तक्रार करतात. बाल्कनीत ओटा आहे का बघा, आणि कुकर इंडक्शनला चालणारा आहे का हेही. गरम पाण्याचा गीझर फक्त शॉवरला असतो. नळाचं पाणी प्यायचं नाही. रस्त्यावरच्या यंत्रातून साधारण एक बाथ लिटरने भरून आणायचं किंवा २० लिटरचे जार मागवायचे, म्हणजे तिसरा मजला बिनलिफ्टचा असेल तर विचार करा. सॉकेटमध्ये आपली जाडी तीन पिनी बसत नाही, ॲडॉप्टर न्या.

शाकाहाराचं म्हणाल तर चियांग माई थायलंडच्या बऱ्याच शहरांपेक्षा सोपं आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, लांबून '१७' आकड्यासारखी दिसणारी, दिसली की ते 'जे' जेवण: मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. जैन घरांना सोयीचं, फक्त कंदमुळं असतात. इतर ठिकाणी नुसतं 'मांस नको' सांगितलं तर ताटात फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस येतोच. पपईच्या सोमतामात सुका जवळाही. मुगाची डाळ कुठल्याही बाजारात मिळते. तूर, बेसन, पोहे, हिंग यासाठी भारतीय दुकानं शोधावी लागतात. सुरुवात वारोरोत बाजाराच्या परिसरातून करा. दही घेताना गोड नसलेलं बघून घ्या, बरंचसं साखरेचं असतं. एक आठवडा पूर्ण घरी रांधून बघा आणि खर्च लिहा, बाहेर खाऊन काढलेला अंदाज कुटुंबाच्या कामाचा नाही.

पूर आणि भूकंप हे दोन विषय दलाल काढणार नाही, तुम्ही काढा. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंग नदी नवरत पुलाजवळच्या पी-१ या पाणीपातळी मापकावर ५.३० मीटरपर्यंत चढली आणि चांग खलान, नाइट बझार, वाट केत, नोंग होइ हे नदीकाठचे भाग पाण्यात गेले. नदीजवळची जागा असेल तर तळमजल्याच्या भिंतीवरची पाण्याची रेघ शोधा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हाताने दाखवायला सांगा, पाणी कुठवर आलं होतं. घरमालकापेक्षा तो खरं सांगतो. २८ मार्च २०२५ला म्यानमारच्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने चियांग माईच्या उंच इमारतीही हलल्या आणि काहींना तडे गेले. उंच कॉन्डो बघत असाल तर इमारतीच्या कार्यालयाकडे त्यानंतरच्या तपासणीचा अहवाल मागा, आणि जिन्यातल्या भिंती बघा. फ्लॅट रंगवून घेतात, जिना तसाच राहतो.

थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. भारतीय वेळेचं नऊ ते सहा म्हणजे तिथे साडेदहा ते साडेसात. सकाळ मोकळी मिळते, पण मुलीला शाळेतून आणण्याची वेळ बरोबर कामाच्या मधे येते. कोण आणणार ते पाहणीतच करून बघा. पाहुणे म्हणून न राहता एक आठवडा पूर्ण कामाच्या वेळापत्रकाने काढा. फायबर इंटरनेट उत्तम आणि स्वस्त आहे, तरी वेग खोलीतच, रात्री आठला मोजा.

मेट्रो नाही. लाल रंगाच्या सोंगथेव, म्हणजे बाकं बसवलेल्या पिकअप, ठरलेल्या मार्गाशिवाय प्रवाशांच्या दिशेने जातात. ग्रॅब आणि बोल्ट या ॲपवर टॅक्सी मिळतात. स्कूटर घ्यायची तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि त्यात दुचाकीचा वर्ग आहे ना हे बघा. तो नसेल तर दंडाचं सोडा, अपघातात विमा कंपनी हात वर करते. स्कूटरवाल्याला पासपोर्ट अनामत देऊ नका. रोख अनामत द्या, गाडीचे चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

पैशांचं: थाई लोक क्यूआर स्कॅन करतात, पण त्याला सहसा थाई बँकेचं खातं लागतं, आणि पर्यटक म्हणून ते उघडणं अवघड झालंय. आपल्या यूपीआयवर विसंबू नका. परदेशी कार्डावर एटीएम प्रत्येक वेळी २२० ते २५० बाथ कापतं, म्हणून थोडे थोडे काढू नका, आणि यंत्राने 'रुपयांत रूपांतर करू का' विचारलं तर नकार द्या. रोख न्यायचीच तर डॉलर न्या, रुपयाला तिथे दर वाईट मिळतो.

व्हिसा शेवटी, कारण शहर पसंत पडलं तरच त्याची गरज. जुलै २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश सुरू झाला, पण हे नियम वारंवार बदलतात. तिकीट काढण्याआधी मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाचं संकेतस्थळ बघाच. मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट. परतीचं तिकीट आणि माणशी २० हजार बाथ दाखवता येतील असे जवळ ठेवा. घरून काम करणाऱ्यासाठी योग्य व्हिसा म्हणजे डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा): पाच वर्षांचा, दर प्रवेशाला १८० दिवस, खात्यात पाच लाख बाथ दाखवायचे, जोडीदार आणि मुलांना त्यावर अवलंबित म्हणून अर्ज करता येतो. तो थायलंडच्या बाहेरून काढायचा असतो, म्हणून पाहणीला गेल्यावर तिथेच बदलून घेऊ असं मनात धरू नका. वर्षात १८० दिवस राहिलात तर तिथले कर-रहिवासी ठरता, आणि २०२४ पासून तिथे आणलेलं परदेशी उत्पन्न करपात्र आहे. भारताशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, तरी जाण्याआधी सीएशी बसा. कंपनीकडूनही परदेशातून काम करण्याची लेखी परवानगी आधी घ्या. कित्येकांचं घोडं इथेच अडतं.

पाहणीत वर्षाचा करार करू नका, कितीही आवडलं तरी. दोन-तीन इमारती नक्की करा, कार्यालयाचा नंबर घ्या, आणि राहायला मे किंवा जूनमध्ये जा. सोंगक्राननंतर पावसाळाभर मागणी कमी असते, घरमालक घासाघीस ऐकतात आणि प्युरिफायर किंवा खिडकीची पट्टी करारात लिहून द्यायलाही तयार होतात. नोव्हेंबरात हीच मागणी केलीत तर पुढचं गिऱ्हाईक दाराशी उभं असतं.