न्यू जर्सीत राहून कमी खर्चात मेजर लीग बेसबॉलचा सामना कसा पाहता येईल?

तुम्ही लिहिलंय की एडिसनला राहता, आई-बाबा भारतातून आलेत, नऊ वर्षांच्या मुलाला शाळेतल्या मित्रांमुळे बेसबॉलचं वेड लागलंय आणि यांकी स्टेडियमच्या शनिवारच्या सामन्याची पाच तिकिटं बघून तुमचे डोळे पांढरे झाले. 200 डॉलरच्या आसपास पाच जणांचं जमेल का, हा तुमचा प्रश्न.

जमेल. फक्त यांकी आणि शनिवार, दोन्हीचा नाद सोडा.

मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ मोसमात 162 सामने खेळतो, त्यातले 81 घरच्या मैदानावर. म्हणजे मार्चअखेरपासून सप्टेंबर संपेपर्यंत न्यूयॉर्कच्या यांकीज आणि मेट्स या दोन संघांपैकी कोणी ना कोणी जवळजवळ रोज इथे खेळत असतं. इतक्या खुर्च्या रोज भरणं कोणालाच शक्य नाही. त्यामुळे तिकिटाचा भाव मैदानापेक्षा समोर कोण आहे, वार कोणता आणि हवा कशी यावर ठरतो. शोहेई ओहतानी या जपानी ताऱ्याचा डॉजर्स संघ आला, किंवा मेट्स आणि यांकीज आपापसांत भिडले की भाव आभाळाला टेकतात. कोलोरॅडो रॉकीज किंवा शिकागो व्हाइट सॉक्स आले की त्याच खुर्च्या कोणी विचारत नाही. व्हाइट सॉक्सनी 2024 मध्ये 121 सामने हरून आधुनिक काळातला विक्रम केला होता. असले पाहुणे आपल्यासारख्यांसाठी देवदूतच. तुमच्या मुलाला घरचा संघ जिंकलेला बघायला मिळण्याची शक्यताही त्यातच जास्त.

मैदान मी सिटी फील्ड सुचवेन, क्वीन्समधलं मेट्सचं. तिथल्या वरच्या मजल्याला प्रॉमनाड म्हणतात. एप्रिल-मेमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी, दुबळ्या संघाविरुद्ध, तिथलं तिकीट 20 डॉलरच्या आतबाहेर सापडतं. रविवारी थोडं चढं, पण आटोक्यातलं. बाहुल्या किंवा टोप्या फुकट वाटण्याचे दिवस कटाक्षाने टाळा. पहिल्या काही हजार लोकांनाच त्या मिळतात, दोन तास आधी रांगेत उभं राहावं लागतं आणि तिकीट महागतं ते वेगळंच. पुनर्विक्रीच्या ॲपवर सामन्याच्या दिवशी भाव बहुधा उतरतात. दोघांसाठी ती वाट बघायला मजा येते. पाच खुर्च्या एका ओळीत हव्या असतील तर दोन-तीन दिवस आधी घेऊन मोकळे व्हा. मे 2025 पासून इथे नियमच आहे की शुल्कासकट पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवायची, तेव्हा शेवटच्या पानावर आकडा फुगण्याचा जुना प्रकार बराच कमी झालाय.

कुठे बसायचं याबद्दल माझं ठाम मत आहे: खाली आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या टोकाला, बसण्यापेक्षा वर, होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे बसा. आपण जन्मभर क्रिकेट टीव्हीवर खेळपट्टीच्या सरळ रेषेत बघितलेलं असतं, डोळ्यांना तीच सवय. वरून पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू कुठे वळला ते दिसतं, फिल्डर कसे सरकतात ते दिसतं आणि बाबांना समजावून सांगायला अख्खा नकाशा समोर असतो. खाली आउटफिल्डमध्ये बसलात तर बॅटर तीनशे-चारशे फुटांवर आणि चेंडू कुठे गेला ते शेजारच्याच्या ओरडण्यावरून कळणार. दुपारचा सामना असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूची, म्हणजे होम प्लेटमागून बघताना डाव्या हाताची, तिकिटं बघा. बहुतेक मैदानं अशी बांधलीत की मावळतीचं ऊन बॅटरच्या डोळ्यांत जाऊ नये, म्हणून सावली आधी त्या बाजूला येते. वरच्या मजल्याचे जिने उभे आहेत. आई-बाबांचे गुडघे लक्षात घेऊन लिफ्टने वर जा आणि खालच्या ओळी निवडा, पण जिन्यालगतच्या अगदी पहिल्या ओळींत कठडा नजरेच्या मध्ये येऊ शकतो, तेवढं तिकीट घेताना बघून घ्या.

आता खरा खर्च, म्हणजे जाणं-येणं. "गाडी नको, ट्रेनने जा" हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. दोघांसाठी तो बरोबर आहे. पाच जणांसाठी मात्र कागद-पेन घेऊन बसावं लागतं. एडिसनहून मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला एका मोठ्या माणसाचे जाऊन-येऊन 30 डॉलरच्या आसपास होतात. पुढे सबवेचे प्रत्येकी, प्रत्येक वेळी 3 डॉलर. उलट गाडी काढलीत तर पूल ओलांडायचे टोल, पेट्रोल आणि सिटी फील्डचं 40 डॉलरच्या घरातलं पार्किंग धरून हिशोब जवळपास तिथेच येऊन थांबतो. मॅनहॅटनच्या खालच्या भागातून गेलात तर गर्दीच्या भागात शिरायचा वेगळा टोल आहेच, म्हणून स्टॅटन आयलंडवरून वळसा घालावा लागेल.

ट्रेनचं पारडं जड होतं ते शनिवार-रविवारी. न्यू जर्सी ट्रान्झिटमध्ये तेव्हा तिकीट काढलेल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे 11 वर्षांपर्यंतची दोन मुलं फुकट जातात, आणि 62 वर्षांवरच्यांना सवलतीचं तिकीट आहे, वयाचा पुरावा तेवढा जवळ ठेवा. म्हणून तुमच्यासाठी मी रविवार दुपार म्हणतोय. तिकिटं 100 ते 125, रेल्वे 90 च्या आसपास, सबवे 30. म्हणजे 220 ते 245, तुमच्या 200 च्या थोडं वर, आणि त्यात बाहेरचं खाणं धरलेलं नाही, कारण ते तुम्हाला विकत घ्यायचंच नाहीये.

हो, सिटी फील्डमध्ये घरचं खाणं आत नेता येतं. यांकी स्टेडियममध्येही. आत बिअर 15 डॉलरच्या घरात असते आणि हॉट डॉग-फ्राइज पाच जणांनी खाल्ले की तिकिटांइतकेच पैसे जातात. तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी सँडविच, पोळीच्या सुरळ्या, जे सुकं आणि हाताने खाता येईल ते करून न्या. स्टीलचा डबा घरी ठेवा, झिपलॉकच्या पिशव्यांत वेगवेगळं बांधा, म्हणजे तपासणीला एका नजरेत दिसतं. काच आणि कॅन चालत नाहीत. पाण्याची सीलबंद प्लास्टिकची बाटली चालते. पाठीवरची सॅक नेऊ नका, मऊ कापडी पिशवी बरी. बॅगांचे नियम दर मोसमात थोडे बदलतात, आदल्या दिवशी संघाच्या साइटवर एकदा नजर टाका.

घरून करून न्यायचा कंटाळा आला तर सिटी फील्डला नेणारी 7 नंबरची सबवे आहेच. तिची धिमी गाडी 74 स्ट्रीटला थांबते, म्हणजे थेट जॅक्सन हाइट्सच्या देशी दुकानांत. सामोसे, कचोरी बांधून घ्या आणि पुढच्या गाडीत बसा. जलद गाडी तिथे थांबत नाही, चढताना बघा. आणि आई-बाबा देवदर्शनालाही जायचं म्हणत असतील तर स्टेडियमच्या पुढचंच स्टेशन, म्हणजे शेवटचं, फ्लशिंग. तिथे बाऊन स्ट्रीटवर गणपतीचं मंदिर आहे आणि त्याच्या तळघरातल्या कॅन्टीनचा डोसा न्यूयॉर्कभर प्रसिद्ध आहे. स्टेशनपासून चालायला बऱ्यापैकी लांब पडतं, पण सकाळी दर्शन, डोसा आणि मग सामना असा बेत आखलात तर बाबांची "बेसबॉल कसला बघायचा" ही कुरकुर आपोआप थांबेल. सिटी फील्डवर नोव्हेंबर 2015 मध्ये सचिन आणि शेन वॉर्नचे संघ खेळले होते, हेही त्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांवर बाकी कशापेक्षा याचाच जास्त परिणाम होतो.

मुलासाठी आत एकच गोष्ट विकत घ्या: संघाच्या छोट्या प्लास्टिकच्या हेल्मेटमध्ये मिळणारं सॉफ्ट आइस्क्रीम. खाऊन झालं की हेल्मेट धुऊन घरी आणायचं, वेगळं खेळणं घ्यायला नको. जर्सीच्या दुकानात मात्र शिरू नका. टोपी हवीच असेल तर बाहेर नेहमीच्या दुकानांत स्वस्त मिळते.

आत लवकर जा. तिकीट एकच, पण फाटक उघडल्यावर जो वेळ मिळतो त्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि मुलांसाठी सगळ्यात चांगला वेळ तोच. खेळाडू सराव करत असतात, काही जण कठड्यापाशी येऊन सह्या देतात. सिटी फील्डच्या दारातच जॅकी रॉबिन्सनच्या नावाचा भव्य गोल मंडप आहे. 15 एप्रिल 1947 ला हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि मेजर लीग फक्त गोऱ्यांपुरती ठेवणारी भिंत मोडली. त्याचा 42 नंबर सगळ्याच संघांनी कायमचा बाजूला ठेवलाय. मुलाला ती गोष्ट तिथे उभं राहून सांगा.

क्रिकेटवाल्यांना चकित करणारा भाग म्हणजे प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यायचा नाही. ज्याने पकडला त्याचा. वरच्या मजल्यावर होम प्लेटच्या मागे फाऊल चेंडू, म्हणजे हद्दीबाहेर गेलेले फटके, अधूनमधून येतात, ग्लोव्ह असेल तर न्या. मिळाला तर हातात घेऊन नीट बघा: नवाकोरा असूनही पांढराशुभ्र नसतो, किंचित मातकट असतो. चकाकी जाऊन पिचरची पकड बसावी म्हणून प्रत्येक चेंडूला सामन्याआधी चिखल चोळतात, आणि तो चिखल येतो आपल्याच न्यू जर्सीतून, डेलावेअर नदीच्या काठावरून.

वेळेची काळजी करू नका. 2023 मध्ये पिचरसाठी घड्याळ लावल्यापासून सामना साधारण पावणेतीन तासांत आटोपतो. एप्रिलमध्ये जात असाल तर मात्र आईंसाठी शाल, जाड जाकीट, टोपी, सगळं न्या. दिवसा ऊन असलं तरी वरच्या मजल्यावर वारा हाडं गोठवतो. पाऊस आला तर लगेच उठून जाऊ नका. पुरेसा खेळ होऊन सामना अधिकृत ठरण्याआधीच रद्द झाला तर तेच तिकीट पुन्हा होणाऱ्या सामन्याला चालतं. तुमचे पाहुणे तोवर परत गेले नसले म्हणजे झालं.

पाचही तिकिटं तुमच्याच फोनवर ठेवा आणि सगळे एकदम आत जा. फोन चार्ज असू द्या, छापील कागद हल्ली चालत नाही.

आणि हे सगळं ऐकून दमला असाल, तर ब्रिजवॉटर. एडिसनहून अर्ध्या तासाच्या आत गाडीने पोचाल. सॉमरसेट पेट्रियट्स हा यांकीजचा डबल-ए संघ (मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगमधला) तिथे खेळतो, म्हणजे यांकीजचे उद्याचे खेळाडू. रॅरिटन व्हॅली लाइनचं ब्रिजवॉटर स्टेशन मैदानाला अगदी लागून आहे. तिकीट स्वस्त, कुठेही बसा, खेळाडू हाकेच्या अंतरावर. जखमी झालेले यांकीज परतण्याआधी इथे हात मोकळा करतात. 2024 मध्ये यांकीजचा पिचर गेरिट कोल आला होता. पाच जणांचं सगळं धरून 100-125 मध्ये भागावं. मायनर लीगमध्ये घरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा आधी ब्रिजवॉटरच्याच बालाजी मंदिरात जेवून जा. आई-बाबा आणि लहान मूल एकत्र असताना, खरं सांगायचं तर, पहिला सामना मी इथेच दाखवेन आणि सिटी फील्ड दुसऱ्यांदा. पण मुलाने मित्रांना आधीच "मेट्स" सांगून ठेवलं असेल तर तुमचा नाइलाज आहे.

मेट्सलाच गेलात तर शेवटचा आउट पडल्यावर जिन्याकडे धावू नका. 7 नंबरच्या फलाटावर तेव्हा मुंगी शिरायला जागा नसते. घरच्या रविवारच्या सामन्यांनंतर मेट्स बरेचदा लहान मुलांना खऱ्या मैदानात उतरवून बेसवरून पळू देतात. पैसे पडत नाहीत, पण रांग मोठी असते, त्यामुळे आठव्या इनिंगपासूनच ती कुठून सुरू होते ते कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा. मुलगा पळून येईपर्यंत गर्दी ओसरलेली असते, आणि पेन स्टेशनहून एडिसनला थांबणारी पुढची गाडी कधी आहे ते बघायला तुम्हाला तेवढा वेळ मिळतो.