सॅम्पल धुतात म्हणजे नक्की काय करतात?

प्रश्न: आम्ही धायरीला राहतो, लग्नाला पाच वर्षं झाली. गेल्या महिन्यात पहिलं आययूआय (शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडण्याचा उपचार) झालं. मिस्टरांचा काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, नॉर्मल आहे तरी लॅबवाल्यांनी वीर्याचं सॅम्पल तासभर ठेवून घेतलं, वॉश करायचंय म्हणाले. रिपोर्ट चांगला असताना धुवायचं कशाला? सासूबाईंना वाटतंय सॅम्पलमध्येच काहीतरी खोट आहे.

उत्तर: ताई, खोट वगैरे काही नाही, आययूआयच्या आधी वॉश सगळ्यांचंच करतात. वीर्य तसंच गर्भाशयात सोडलं तर त्यातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे पोटात जोरात कळा येऊ शकतात, हे एक कारण झालं. पण दुसरं कारण मला फार सुंदर वाटतं.

बाहेर पडलेला शुक्राणू पोहतो छान, पण त्या क्षणी त्याला बीजात शिरता येत नाही. सगळ्या सस्तन प्राण्यांत असंच. 1951 साली अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन, या दोघा शास्त्रज्ञांच्या हे वेगवेगळं लक्षात आलं. चँग सशांवर काम करायचे, ताजे शुक्राणू थेट मादीच्या बीजनलिकेत सोडले तर बीजं फळायची नाहीत, पण तेच मादीच्या गर्भाशयात काही तास राहिलेले असले की फळायची. ऑस्टिननी पुढच्या वर्षी याला कॅपॅसिटेशन असं नाव दिलं. म्हणजे शुक्राणूची शेवटची तयारी बाईच्या शरीरात होते!

होतं काय, तर वीर्यातल्या प्रथिनांचा त्याच्यावर एक लेप असतो, तो आधी निघतो, मग अल्ब्युमिन नावाचं प्रथिन त्याच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं, आवरण सैल पडतं, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम आत जातं आणि शेपटीची चालच बदलते. कॉलेजात शिकवायचे तेव्हा उंदराचे शुक्राणू 37 डिग्रीला ठेवून मी मायक्रोस्कोपखाली बघितलेत, सुरुवातीला शेपूट हलकेच वळवळते आणि तो सरळ जातो, तासा-दीड तासाने बघावं तर तीच शेपूट चाबकासारखी फटकारत असते आणि तो जागच्या जागी उसळ्या मारत असतो. बीजाभोवतीचं जाड कवच भेदायला हाच जोर लागतो. डोक्यावरची एन्झाइमची पिशवीसुद्धा आता फुटायला तयार असते. सगळे एकदम तयार होत नाहीत हेही बरंच आहे, कारण तयार झालेला फार वेळ टिकत नाही आणि बीज कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून थोडे थोडे तयार होत राहतात.

लॅबमध्ये वीर्यातलं पाणी, म्हणजे तो लेप बसवणारी प्रथिनंही, काढून टाकतात आणि चपळ शुक्राणू बायकार्बोनेट, अल्ब्युमिन असलेल्या द्रवात ठेवतात, त्यामुळे तयारी तिथेच सुरू होते. साध्या रिपोर्टात काउंट, हालचाल, आकार एवढंच कळतं, ही तयारी होते की नाही ते त्यात दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असून पहिल्यांदा नाही राहिलं तर कृपा करून ना स्वतःला दोष द्या ना मिस्टरांना.

आणि पुढच्या वेळी सॅम्पल घरून नेणार असाल तर तासाभराच्या आत पोचवा, डबी शर्टच्या आत अंगाला लागून ठेवा, आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकचा हिशोब धरूनच निघा.