स्पेस गेममधल्या ताऱ्यांना खरे कॅटलॉग नंबर द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोटा स्पेस एक्सप्लोरेशन गेम बनवताय, ताऱ्यांना ‘एचआयपी ३२३४९’ छापाची खरी नावं ठेवावीत की स्वतः रचावीत? आणि खरी ठेवली तर परवानगी लागते का?

परवानगीचं आधी उरकतो. ताऱ्याचा नंबर कुणाच्या मालकीचा नसतो, तो बिनधास्त वापरा. ज्या तयार फाइलमधून डेटा उचलाल तिचं लायसन्स मात्र नीट वाचा. ताऱ्यांची मोजमापं घेणाऱ्या गाया उपग्रहाचा डेटा घेतलात तर क्रेडिट्समध्ये युरोपियन स्पेस एजन्सीचा उल्लेख करायचा असतो. एवढंच.

आता मूळ मुद्दा. मी नाशिकचा, दिवसा अंबड एमआयडीसीत पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे छोटे कॉम्प्युटर) प्रोग्रॅमिंग, रात्री एका मित्राबरोबर असाच एक गेम. आम्ही खरे नंबर ठेवले आणि मला ते पटलेलं आहे, पण सुरुवातीला चांगलेच तोंडावर आपटलो.

पहिली चूक डेटाची. हिप्पार्कोस उपग्रहाने १९८९ ते १९९३ मध्ये मोजमापं घेतली, १९९७ मध्ये कॅटलॉग आला, त्यात १,१८,२१८ तारे. एचआयपी नंबर त्यातलाच. आम्ही थेट तो कॅटलॉग न घेता एचवायजी नावाची फाइल घेतली, ज्यात हिप्पार्कोस, येल आणि ग्लीझ हे तिन्ही कॅटलॉग एकत्र केलेत. तारे मांडले, गेम चालू केला, भाच्याला खेळायला बसवलं. पठ्ठ्या सूर्यापासून नाकासमोर सरळ निघाला आणि बऱ्याच वेळाने ओरडला, “मामा, ही भिंत कोणी बांधली?” बघतो तर काय, सूर्याभोवती ताऱ्यांचं एक गुळगुळीत कवच, सगळे एकाच अंतरावर. ताऱ्याचं अंतर त्याच्या पॅरॅलॅक्सवरून काढतात, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जागेवरून किती सरकल्यासारखा दिसतो त्यावरून. तारा जितका लांब तितका त्याचा पॅरॅलॅक्स बारीक. फार बारीक झाला की मोजण्यातली चूकच त्याहून मोठी होते, कधी आकडा चक्क ऋण येतो आणि त्यावरून अंतर काढता येत नाही. अशा ताऱ्यांपुढे त्या फाइलमध्ये १,००,००० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) भरलेलं असतं, म्हणजे ‘माहीत नाही’ असा त्याचा अर्थ. आम्ही तो आकडा खरा धरला आणि आकाशगंगेच्याही बाहेर, सव्वातीन लाख प्रकाशवर्षांवर, भिंत उभी केली. तुम्ही त्या ओळी आधीच गाळा.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. खेळणाऱ्याला वाटतं की शेजारचा नंबर म्हणजे शेजारचा तारा. चित्रा तारा आहे एचआयपी ६५४७४ आणि सप्तर्षीतली अरुंधती एचआयपी ६५४७७. मध्ये फक्त दोन नंबर! पण आकाशात एक कन्या राशीत, दुसरी पार वर सप्तर्षीच्या शेपटीत, दोघींमध्ये ६५ अंशांहून जास्त अंतर. शिवाय चित्रा अडीचशे प्रकाशवर्षांच्या आसपास, अरुंधती ऐंशीच्या जवळपास. कारण हे नंबर विषुवांशाच्या क्रमाने दिलेत. विषुवांश म्हणजे आकाशावरचे रेखांश समजा. दोघींचा विषुवांश जवळजवळ एकच, बाकी काही संबंध नाही. आमच्या एका टेस्टरने नंबर बघून ‘जवळच आहे’ म्हणत उडी मारली आणि इंधन संपवून बसला. तेव्हा नंबरशेजारी अंतर दाखवाच.

माझे वडील तलाठी होते. एका संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते माझ्या मागे उभे राहिले. स्क्रीनवर एचडी, एचआयपी, ग्लीझ अशी रांग लागलेली. म्हणाले, “अरे, हा तर सात-बारा झाला. पण गावात गट नंबर कोण बोलतं? वडाचं वावर, विहिरीचं वावर असंच म्हणतात.”

“अण्णा, मग नंबर काढून टाकू?”

“काढू नको. भांडण झालं की नंबरच लागतो.”

आमची रचना त्या संध्याकाळी बदलली. तारा लांबून दिसतो तेव्हा फक्त नंबर. तिथे जाऊन स्कॅन केलं की खेळणारा स्वतःचं नाव देऊ शकतो, खाली बारीक अक्षरात नंबर तसाच राहतो. भाच्याने रॉस १२८ ला ‘पेट्रोल संपलं’ असं नाव दिलंय. अकरा प्रकाशवर्षांवरचा तो लालसर तारा आता माझ्याही डोक्यात त्याच नावाने बसलाय.

पण नंबरातही गंमत असते, ती घालवू नका. लालांद २११८५ हा तारा सव्वाआठ प्रकाशवर्षांवर, म्हणजे आपल्या अगदी दारात. त्याची नोंद १८०१ मध्ये छापलेल्या लालांदच्या फ्रेंच कॅटलॉगमधली, नंबर मात्र त्याच्या १८४७ च्या आवृत्तीत मिळाला. वुल्फ ३५९ मध्ये मॅक्स वुल्फ या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचं नाव आहे. एचडी म्हणजे हेन्री ड्रेपर, एक अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ; त्या कॅटलॉगमधले सव्वादोन लाख तारे वर्णपटावरून लावण्याचं बहुतेक काम ॲनी जंप कॅनन या बाईंनी केलं, १९१८ ते १९२४ मध्ये तो छापला गेला. एकाच ताऱ्यावर अशा तीन-चार काळांच्या पाट्या असतात. आपला व्याध घ्या: सिरियस, अल्फा कॅनिस मेजोरिस, एचडी ४८९१५, एचआयपी ३२३४९, ग्लीझ २४४. यातलं काहीही टाइप केलं तरी तुमच्या सर्चने व्याधावरच नेलं पाहिजे, नाहीतर खेळणाऱ्याला हे पाच वेगळे तारे वाटतील.

एक नियम मी कडकपणे पाळतो: खरा नंबर लावला तर तारा खऱ्या जागीच हवा. काल्पनिक ताऱ्याला खरा नंबर चिकटवला की हौशी खगोलप्रेमी दुसऱ्या दिवशी तुम्हाला धरतो, आणि बरोबरच करतो. तयार केलेल्या ताऱ्यांची नावं दिसायलाच वेगळी असू द्या. ग्रहांचंही तेच. खऱ्या सापडलेल्या ग्रहांना ताऱ्याच्या नावापुढे बी, सी, डी अशी छोटी इंग्रजी अक्षरं मिळतात, सुरुवात बीपासून. तुमच्या मनातल्या ग्रहांना आकडे द्या म्हणजे घोळ होणार नाही.

मेसिए (एम) आणि एनजीसी या पुंजके, दीर्घिका, तेजोमेघ यांच्या याद्या; त्यांचे नंबर तारा म्हणून वापरू नका. एम ४५ म्हणजे कृत्तिकांचा अख्खा पुंजका, एम ३१ म्हणजे देवयानी दीर्घिका, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर. आणि फक्त गायावर अवलंबून राहू नका. त्यात १८० कोटींच्या घरात नोंदी आहेत, पण अगदी ठळक तारे त्याच्या कॅमेऱ्याला झेपले नाहीत. त्यांच्यासाठी हिप्पार्कोसच.

मराठी आवृत्ती काढणार असाल तर स्वाती, अभिजित, रोहिणी, मघा ही नावं तर हाताशी आहेतच. बीटलज्यूसला काक्षी म्हणायचं की आर्द्रा यावर आम्हा दोघांत दोन दिवस अबोला होता, तो वाद तुम्हीही घालाल. भरणी आणि रेवती तर आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या अधिकृत यादीतच आहेत, अनुक्रमे ४१ एरिएटिस आणि झीटा पिशियम यांच्यासाठी. २०१९ मध्ये भारताने एचडी ८६०८१ ला ‘बिभा’ नाव दिलं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि त्याच्या ग्रहाला ‘संतमस’. गुरू सिंह राशीत गेला की कुंभमेळ्यासाठी आमचं अख्खं शहर कामाला लागतं, तिथे गेममध्ये आकाश मराठीत बोललं तर कुणाला नवल वाटणार नाही.

आणि हो, अल्फा-बीटा ग्रीक अक्षरांत लिहू नका. आमच्या मराठी फॉन्टमध्ये ती नव्हती, त्यामुळे पहिल्या बिल्डमध्ये अर्ध्या आकाशाची नावं रिकाम्या चौकोनाने सुरू होत होती.