वडिलांविषयी लिहायला बसशील तेव्हा

वडिलांवर पहिल्यांदाच लिहितो आहेस, आणि तेही ९० वर्षांच्या आयुष्यावर, म्हणून सांगते. जन्मापासून सुरुवात करू नकोस. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती अशा क्रमाने गेलं की माणूस हरवतो, नुसता बायोडेटा उरतो. त्यांच्या हातांपासून सुरू कर. माझे बाबा नातीच्या पेन्सिलींना ब्लेडने टोक काढून द्यायचे आणि प्रत्येक टोक आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून बघायचे, तिला टोचणार तर नाही ना. एवढंच लिहिलं, तर ते प्रेमळ होते हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

नातवंडांना आवर्जून विचार. आपल्या वाट्याला शिस्तीचे बाबा आलेले असतात, त्यांना मात्र वेगळेच आजोबा भेटलेले असतात. बाबांची भावंडं, जुने मित्र हयात असतील तर आजच फोन कर. उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० वर्षांच्या वयातलं जास्त आठवतं, त्यामुळे तुझ्या जन्माआधीचे बाबा तुला तिथेच सापडतील. तारखा मात्र कागदपत्रांवरूनच घे.

शेवटचं आजारपण दोन ओळींत आटप.

आणि फोनमध्ये त्यांचा आवाज असेल तर तो आधी दोन ठिकाणी कॉपी करून ठेव. फोन बदलताना माझ्याकडून बाबांचे मेसेज गेले, ती रुखरुख अजून आहे.

लिहून झालं की मोठ्याने वाच. गळा दाटेल तिथे थांब, पाणी पी. ती ओळ काढू नकोस.