पाहुण्यापेक्षा पाहुण्याने घेतलेली नावं ऐका

दुर्लक्षित राहिलेले कलाकार सापडावेत म्हणून वर्षभर पॉडकास्टवर रॉक आणि इंडीवाल्यांच्या (मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेर राहून गाणाऱ्यांच्या) मुलाखती ऐकल्या आणि हाती तीच चार मोठी नावं लागली, अशी तुमची तक्रार आहे. माझीही पहिली दोनेक वर्षं अशीच गेली. पॉडकास्ट चांगलेच होते, चूक माझ्या ऐकण्यात होती. माझं सगळं लक्ष पाहुण्याकडे असायचं. बोलता बोलता तो कुणाकुणाची नावं घेऊन जातो, तिकडे कानच नसायचा.

नामवंत माणसाची मुलाखत बहुधा नवा अल्बम यायच्या तोंडावर होते. त्या दिवसांत तो पाच-सात ठिकाणी तेच किस्से त्याच क्रमाने सांगत फिरतो. ते सोडून द्या. पण मध्येच कधीतरी कुणी विचारतं, "गिटार पहिल्यांदा कुणामुळे हातात घेतलीस?" आणि पाहुणा पाठ केलेलं विसरतो. मग त्याच्या शहरातला तो बँड येतो ज्याच्यापुढे हे सगळे शेंबडी पोरं होते, पहिल्या दौऱ्यात ज्यांच्या गाडीतून फिरले ते लोक येतात, ज्याची चाल ढापली तो गीतकार येतो. ऐकणाऱ्याने वही काढायची ती इथे.

एक साखळी सांगतो. द रिप्लेसमेंट्स या मिनियापोलिसच्या बँडने १९८७ मध्ये एका गाण्याला चक्क 'अ‍ॅलेक्स चिल्टन' असं नाव दिलं. हा कोण? १९६७ मध्ये, सोळाव्या वर्षी, बॉक्स टॉप्स या बँडमधून अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचं गाणं गायलेला मुलगा. पुढे मेम्फिसमध्ये तो बिग स्टार नावाच्या बँडमध्ये गेला. १९७२ चा त्यांचा पहिला अल्बम समीक्षकांनी वाखाणला, पण वितरण करणाऱ्या स्टॅक्स कंपनीला तो दुकानांत धड पोचवताच आला नाही. नंतर वितरण कोलंबियाकडे गेलं, त्यांना या बँडमध्ये रस नव्हता. तिसरा अल्बम १९७४ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आला १९७८ मध्ये. चिल्टनपाशी पोचलात की शेजारी बिग स्टारमधलाच ख्रिस बेल भेटतो. पहिल्या अल्बमनंतर बाहेर पडलेला, १९७८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेलेला. त्याचा एकट्याचा अल्बम निघाला १९९२ मध्ये. आता या लोकांना शोधायला कुठलं अल्गोरिदम लागलं? एका बँडने आपल्या आवडत्या माणसाचं नाव घेतलं, बस.

म्हणूनच 'दुर्लक्षित' हा शब्द मी जरा जपून वापरतो. त्यात कुणाच्या तरी वाईट आवडीवर ठपका असतो. बिग स्टारला लोकांनी ऐकून नाकारलं नाही, रेकॉर्ड हातात पडलीच नाही. बॉस्टनचा मिशन ऑफ बर्मा हा बँड १९८३ मध्ये थांबला तो गिटारवादक रॉजर मिलर याच्या कानात सतत गुणगुण सुरू झाली म्हणून. २००२ मध्ये ते परत आले तेव्हा तो नेमबाज वापरतात तसले कर्णरक्षक लावून मंचावर उभा राहायचा. आणि न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातले द क्लीन आणि द चिल्स हे बँड, त्यांची अडचण तर निव्वळ नकाशावरची. १९८१ मध्ये फ्लाइंग नन हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, सुरू झालं, संगीतकार ख्रिस नॉक्सच्या फोर-ट्रॅक या साध्या ध्वनिमुद्रण यंत्रावर कमी पैशांत गाणी निघू लागली, पण ती बाहेरच्या जगाला ऐकू जायला वेळ लागला. आजही पेव्हमेंट किंवा यो ला टेंगो या अमेरिकी इंडी बँडविषयी चार गप्पा ऐका, द क्लीनचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. चांगल्या मुलाखतीतून अशी कारणं कळतात, आणि कारण कळलं की त्याच खड्ड्यात पडलेले आणखी बँड कुठे शोधायचे तेही कळतं. एखादं लेबल वितरणात बुडालं असेल तर त्या लेबलची सगळी यादीच उघडून बघा.

कुठून सुरुवात करू, असं विचारलंत. माझा कल असा, की होस्ट स्वतः वाजवणारा असेल तर तो पॉडकास्ट आधी. पत्रकार चरित्र विचारतो, वाजवणारा विचारतो तो तारेचा आवाज कसा काढलास. साँग एक्स्प्लोडर या पॉडकास्टचा हृषिकेश हिरवे स्वतः द वन एएम रेडिओ या नावाने संगीत केलेला माणूस. २०१४ पासून तो एका वेळी एकच गाणं उलगडतो: ड्रम वेगळे, आवाज वेगळा, मागची कुजबुज वेगळी. स्वतःचे प्रश्न काढून टाकतो आणि शेवटी अख्खं गाणं वाजवतो. भाग लहान असतात, अनोळखी कलाकारावर जुगार खेळायला बरे. मी तर यादीतली ओळखीची नावं मुद्दाम टाळून ऐकतो.

टर्न्ड आउट अ पंकचा डेमियन अ‍ॅब्राहम टोरांटोच्या एका हार्डकोर (पंकचाच आणखी आक्रमक प्रकार) बँडचा गायक. पाहुणा कुस्तीगीर असो की नट, त्याचं पंकशी नातं कसं जुळलं इथूनच गप्पा सुरू होतात. साहजिकच नावांचा पाऊस. द वॉट फ्रॉम पेड्रो शो चालवतो माइक वॉट, म्हणजे मिनिटमेन या पंक बँडचा बेसवादक. तिथे सुरुवात जॅझवाल्या जॉन कोल्ट्रेनने होते आणि पुढे कुणीच न ऐकलेल्या मंडळींची गाणी वाजत राहतात. लांबलचक, विस्कळीत, आणि माझा लाडका. शिकागोच्या दोन समीक्षकांचा साउंड ओपिनियन्स थोडा शिस्तीचा, त्यांचे 'बरीड ट्रेझर्स' (पुरलेले खजिने) हे भाग तर तुमच्या प्रश्नासाठीच केल्यासारखे आहेत. विनोदवीर मार्क मॅरनचा डब्ल्यूटीएफ २०२५ मध्ये बंद झाला, पण सोळाशेहून अधिक भाग मागे आहेत आणि त्यात संगीतकार बरेच. मात्र तो गडी पाहुण्याइतकाच स्वतःबद्दल बोलतो, ते सोसवत असेल तर.

आणखी एक वाट लोक विसरतात: ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या मुलाखती. स्टीव्ह अल्बिनीला निर्वाणा या बँडच्या ध्वनिमुद्रणामुळे जग ओळखतं, पण तो कामाचे ठरलेले पैसे घ्यायचा, रॉयल्टी (विक्रीतला वाटा) नाकारायचा आणि दार सगळ्यांना उघडं ठेवायचा. २०२४ मध्ये तो गेला. मागे राहिलेल्या कामाच्या यादीत प्रसिद्ध नावं मूठभर, बाकी सगळे तुम्ही-आम्ही न ऐकलेले. नीना नास्तासिया ही गायिका मला तिथे सापडली. तिचा २००० चा 'डॉग्ज' अल्बम आधी ऐका, बाकीचं नंतर बोलू.

आता माझा फसलेला भाग. एका गायकाची दीड तासाची मुलाखत ऐकून मी इतका हललो, की त्याच रात्री त्याचे तीन अल्बम विकत घेतले. बालपण, व्यसन, सावरणं, सगळं काय सुंदर सांगत होता! गाणी मात्र अळणी. तिन्ही अल्बम मिळून चार वेळा वाजले नसतील. माणूस बोलघेवडा असणं आणि गाणारा असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पॉडकास्ट हे बोलघेवड्यांचं राज्य आहे. तेव्हापासून मुलाखत संपल्यावर मी आठवडाभर थांबतो, आवाजातला ओलावा वाळू देतो आणि मग गाणी लावतो, तीही शक्यतो काम करत, अर्ध्या लक्षाने. अर्धं लक्ष जे गाणं स्वतःकडे ओढून घेतं, ते राहतं.

उलट बाजूही आहे. न बोलणारे, लाजाळू, मुलाखतीच न देणारे. बिल फे या लंडनच्या माणसाचे दोन अल्बम १९७० आणि १९७१ मध्ये आले, लेबलने त्याला सोडलं आणि तो इतर कामं करून जगत राहिला. त्याचा नवा अल्बम स्टुडिओत तयार होऊन आला थेट २०१२ मध्ये, तोही एका निर्मात्याला वडिलांच्या संग्रहात जुन्या रेकॉर्डी सापडल्या होत्या म्हणून. असा माणूस तुम्हाला पॉडकास्टच्या पाहुण्यांत फारसा दिसायचा नाही. तो सापडतो विल्को या बँडच्या जेफ ट्वीडीमार्फत. ट्वीडी त्याचं गाणं गायचा, त्याच्याबद्दल बोलायचा. म्हणून पुन्हा तेच: पाहुणा सोडा, नावं धरा.

नावं टिपताना एक काळजी घ्या. ऐकलेलं स्पेलिंग हमखास चुकतं आणि यंत्राने केलेलं शब्दांकन तर नावांचा खिमा करतं. न्यू जर्सीच्या द फीलीज या बँडला मी 'फीलिंग्ज' म्हणून बरेच दिवस शोधत होतो. काय काय निघालं ते विचारू नका. मी नावाबरोबर मिनिट आणि संदर्भ लिहितो: 'याचा ड्रमर', 'यांच्या आधी वाजवायचे'. तेच नाव तीन वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून आलं की त्याला रांग मोडून पुढे घ्यायचं.

आवडलं तर विकत घ्या, नुसतं स्ट्रीम करून भागत नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत, आणि आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांची कितीतरी गाणी त्या रेषेखालीच असणार. कलाकार जिथे थेट गाणी विकतात त्या बँडकँपवर घेतलंत तर किमतीचा मोठा हिस्सा वाजवणाऱ्याकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातो.

राहिलं वेगाचं. दीडपट वेगाने ऐकलं तर चालेल का? मोठ्या नावाच्या प्रचाराच्या मुलाखतीला खुशाल, दुप्पटही चालेल. साँग एक्स्प्लोडर मात्र तसा लावू नका, ड्रमर घाईला आल्यासारखा वाटतो. आणि म्हाताऱ्या मंडळींना तर अजिबात नाही. व्हॅश्टी बन्यन ही इंग्रज गायिका १९७० चा अल्बम चालला नाही म्हणून गाणं सोडून गेली, आणि पंचवीसेक वर्षांनी घरात संगणक आल्यावर तिने स्वतःचंच नाव शोधलं, तर लोक ती रेकॉर्ड शोधत फिरतायत. हे ती सांगते तेव्हा मध्ये थांबते, थोडी हसते, पुन्हा थांबते. दीडपट वेगात ते थांबणं जातं.