पाटीवरचे वॅट आणि सकाळचे सव्वासात

प्रश्न : आमचा फ्लॅट १९९८ सालचा आहे. गॅसची टाकी वेळेवर येईना म्हणून २००० वॅटची इंडक्शन शेगडी घेतली. तेव्हापासून सकाळी स्वयंपाकघराचा एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. गंमत म्हणजे रोज पडत नाही. स्वयंपाक तोच, भांडी तीच; सोमवारी पडतो, मंगळवारी नाही. वायरमन म्हणाला, "१६ अँपिअरचा काढून ३२चा टाकू, कटकट मिटेल." मिस्टरही म्हणतात, टाकून घे. शेगडीशिवाय ओट्यावर १५०० वॅटची किटली, ७५०चा मिक्सर, १६००चा ओटीजी (भट्टी) आणि ९००चा मायक्रोवेव्ह आहे. नेमका किती लोड धरायचा? बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट आहे.
— एक गृहिणी, चिंचवड

उत्तर : ताई, ३२चा टाकू देऊ नका. का ते शेवटी सांगतो, आधी हिशोब करू.

मायक्रोवेव्हपासून सुरुवात करतो, कारण तिथे सगळे फसतात. खोक्यावरचे ९०० वॅट हे अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचे. भिंतीतून तो ओढतो त्याहून बराच जास्त. मागची पट्टी वाचा, १३५०च्या आसपास आकडा सापडेल. आपल्याला तोच धरायचा.

आता सगळी बेरीज : २०००, १५००, ७५०, १६०० आणि १३५०. झाले ७२०० वॅट. २३० व्होल्टने भागा, ३१.३ अँपिअर. याला आम्ही जोडलेला भार म्हणतो. पण पाचही वस्तू एकाच मिनिटाला चालू असतील असं घर मी ३६ वर्षांच्या वायरिंगच्या धंद्यात पाहिलेलं नाही. म्हणून प्रत्यक्षातली मागणी वेगळी काढावी लागते.

ब्रिटनमध्ये घरगुती कुकरसाठी (तिथे कुकर म्हणजे विजेची मोठी चूल) एक सोपा ठोकताळा आहे : पहिले १० अँपिअर पूर्ण धरा, उरलेल्याचे ३० टक्के धरा, आणि कुकरच्या स्विचवरच एखादं सॉकेट असेल तर वर ५ मिळवा. तुमच्या ३१.३ला तो लावला तर १० अधिक ६.४, म्हणजे १६.४ अँपिअर येतात. कागदावर १६च्या एमसीबीला जेमतेम चाललं असतं. शिकाऊ असताना मीही असंच गणित करून खूश व्हायचो.

पण तो ठोकताळा ज्या यंत्रासाठी आहे ते म्हणजे वर चार तापणाऱ्या चकत्या आणि खाली भट्टी असा एकच मोठा कुकर. भट्टी तापली की थर्मोस्टॅट तिला बंद करतो, चकत्याही थांबत थांबत चालतात, चारही पेटवून कोणी रोज रांधत नाही. म्हणून ती सूट. आपल्या ओट्यावरच्या वस्तू सुट्या. प्रत्येकीला वेगळा प्लग, वेगळा स्विच, आणि सकाळी सगळ्यांना एकच घाई.

म्हणून मी घड्याळ लावून हिशोब करतो. सव्वासातला तुमच्याकडे काय चालू असतं? शेगडीवर प्रेशर कुकर पूर्ण ताकदीवर, शेजारी किटली, आणि दोन मिनिटं चटणीचा मिक्सर. २०००, १५००, ७५० : ४२५० वॅट, १८.५ अँपिअर. ठोकताळ्याच्या १६.४पेक्षा जास्त!

तुमचं सोमवार-मंगळवारचं कोडंही इथेच सुटतं. १६चा एमसीबी १६ ओलांडताच पडत नाही. त्याच्या मानकाप्रमाणे सव्वापटीच्याही आत, १.१३ पटीपर्यंत म्हणजे १८.१ अँपिअरला, तासभर तरी तो पडता कामा नये, आणि १.४५ पटीला, म्हणजे २३.२ला, तासाच्या आत पडायलाच हवा. मधला पट्टा त्याच्या मर्जीचा. तुमचे साडेअठरा बरोबर त्या पट्ट्यात आहेत. मिक्सर लांबला, डीबीची (सगळे एमसीबी असतात ती) पेटी उन्हाने तापलेली असली, की पडतो. नाहीतर तग धरतो. मिक्सर बंद झाला की १५.२ उरतात, मग तो निवांत. आणि मिक्सर चालू असतानाच कोणी दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला तर २४.३, म्हणजे फार वेळ टिकायचा नाही.

तेव्हा तुमचा एमसीबी बिघडलेला नाही, इमानाने नोकरी करतोय.

त्या काळच्या फ्लॅटमध्ये ओट्याच्या सगळ्या पॉइंटना लूप मारून एकच अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर नेलेली असायची. तुमच्याकडे १६चा एमसीबी आहे म्हणजे बहुधा तसंच असणार; तरी लाइन बंद करून बोर्ड उघडून बघायला सांगा, दीडचीही निघते कधीकधी. एमसीबी असतो तो भिंतीतल्या या वायरसाठी, शेगडीसाठी नव्हे. ३२चा बसवला तर ३० अँपिअर वाहिले तरी तो गप्प बसेल. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते : १६च्या जागी ३० म्हणजे साडेतीन पट. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश. कटकट मिटेल खरी, पण भिंतीच्या आत काय शिजतंय ते तुम्हाला दिसणार नाही.

करायचं ते असं. डीबीपासून शेगडीसाठी स्वतंत्र लाइन ओढून घ्या, चारची तांब्याची वायर, अर्थिंगसकट, २०चा एमसीबी. शेगडी ८.७ अँपिअरच घेते, पण उद्या दोन चुलींची ३५०० वॅटची आणलीत तर १५.२ लागतील, तेव्हा पुन्हा भिंत फोडायला नको. जुन्या लाइनवर मग किटली, मिक्सर, मायक्रोवेव्ह मिळून १५.७ अँपिअर राहतात, तेही काही मिनिटांपुरते. ओटीजी दुपारी लावा. शेगडीला एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. सॉकेटपाशी तपकिरी डाग किंवा मासळीसारखा वास आला, तर हिशोब बाजूला ठेवून आधी ते सॉकेट बदला.

एका लाइनवर एकच वस्तू असेल तर सूट शून्य, पट्टीवरचा पूर्ण आकडा धरायचा. सूट फक्त घराच्या एकूण बेरजेत. तुमच्या त्या बेरजेत सकाळचे ४२५०, मायक्रोवेव्ह १३५०, फ्रिज आणि दिवे-पंखे ६०० धरले तर ६२०० वॅट, २७ अँपिअर. गीझर २०००चा असेल तर ८२००. गीझर सहाला लावून साडेसहाला बंद केलात तर हे २००० वाचले. पण ३ किलोवॅटच्या मंजुरीत ६.२ही बसत नाहीत. भार वाढवून घेण्याचा अर्ज करा, आणि वायरमनला मीटरपासून डीबीपर्यंतची वायरही बघायला लावा.

सूट किती द्यावी यात मीही तोंडावर आपटलोय. साताऱ्यात बारा बिऱ्हाडांच्या एका इमारतीला मी अर्धा भार धरून मेन फ्यूज ठरवला होता. वर्षभर छान चाललं. गौरीजेवणाच्या दिवशी सगळ्यांचे गीझर सकाळपासून, सगळ्यांचे मिक्सर पुरणाला, आणि साडेदहाला मीटररूम अंधारात. बाराही घरं एकाच मुहूर्ताला रांधतात, हे मला कोणत्याही कोष्टकात सापडलं नव्हतं. घरी आई मात्र म्हणाली, "मला विचारायचंस की!"

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत घर घेतोय. कुकिंग रेंजवर १२ किलोवॅट लिहिलंय, पण तिथल्या इलेक्ट्रिशियनने हिशोबात ८च धरले. फसवतोय का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : नाही सर, तो नियमाने चाललाय. अमेरिकेच्या विद्युत संहितेतलं कोष्टकच सांगतं की एका घरातल्या १२ किलोवॅटपर्यंतच्या एका रेंजची मागणी ८ धरावी. दोन असल्या तर ११, तीन असल्या तर १४. जितक्या जास्त तितकी सूट मोठी. तिथे रेंजला २४० व्होल्ट मिळतात, म्हणजे ८ किलोवॅटला ३३.३ अँपिअर, म्हणून ४०चा ब्रेकर. पाटीप्रमाणे पूर्ण धरले असते तर ५० झाले असते. वर सांगितलेला भट्टीचा आणि चकत्यांचा प्रकार, तोच. मुलाला एवढंच विचारायला सांगा की वायर ४० अँपिअरला पुरेशी आहे ना.

प्रश्न : आमच्या वस्तीवर संध्याकाळी व्होल्टेज १९०वर येतं. १५०० वॅटची किटली जास्त करंट ओढून वायर जाळेल का?
— एक शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : किटली उलट कमी ओढते. तिच्यात नुसती तापणारी तार आहे. व्होल्टेज कमी तर करंटही कमी. १९० व्होल्टला तुमची १५००ची किटली १०२५ वॅटच्या आसपास चालते. लिटरभर पाण्याला एरवी साडेतीन मिनिटं लागत असतील तर पाच लागतील. युनिट जवळपास तेवढंच पडेल, चहा उशिरा होईल इतकंच. काळजी करायचीच तर पाण्याच्या मोटारीची करा; ती कमी व्होल्टेजला खरोखरच जास्त ओढते आणि तापते. १९० दिसत असताना ती सुरू करू नका.