पिन नेमका कधी टाकायचा?

प्रश्न : वय ६८, मुलगा पुण्याला. मोबाइलवर पैसे ‘घ्यायला’ म्हणून पिन टाकला आणि दोन हजार गेले. आता फोनला हातच लावत नाही. शिकवणार कोण? – एक आजी, पंचवटी

उत्तर : आजी, पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो फक्त द्यायला. फसलात तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावायचा. आणि शिकायला वाचनालयात जा. १८४० पासून वाचनालय असलेलं आपलं नाशिक, तिथं जायला लाज कसली? मी एका छोट्या वाचनालयात बसते. पेपर चाळायला आलेले आजोबा हळूच फोन पुढे सरकवतात. मी तो हातात घेत नाही, त्यांचंच बोट फिरवायला लावते. परवा एकांनी पेन्शनचा हयातीचा दाखला स्वतः भरला. फोटोसाठी चष्मा मात्र तीनदा काढला!